मुलाच्या खिशातली आगपेटी



आज एका घरापासून सुरुवात करू. हे घर कोणा एकाचे नाही. आर्णी, घाटंजी, राळेगाव, मारेगाव, कोणत्याही तालुक्यात पाहा, ते सापडेल. सकाळची वेळ आहे. माय धुणे घेऊन बसली आहे. कॉलेजात शिकणाऱ्या पोराची पँट पाण्यात टाकण्याआधी तिने सवयीप्रमाणे खिसे चाचपले, तर हाताला आगपेटी लागली आणि अर्धी ओढून विझवलेली सिगारेट. शेजारच्या घरी हेच झाले, फक्त तिथे सिगारेटऐवजी खर्र्याची पन्नी निघाली.

पुढे काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. संध्याकाळी बाप वावरातून येतो. माय हळूच त्याच्या कानावर घालते. मग आवाज चढतो. "याच्यासाठी शिकवतो का तुले? इथं कर्ज काढून फी भरतो अन् तू धूर काढतो!" पोरगा मान खाली घालून ऐकतो आणि बाहेर निघून जातो. दुसऱ्या दिवसापासून आगपेटी खिशात सापडत नाही. ती गोठ्याच्या तट्ट्यात खोचलेली असते.

म्हणजे दुखणे गेले नाही, त्याने फक्त जागा बदलली. बापाचा राग खोटा नव्हता. पण एक प्रश्न त्या घरात कोणीच विचारला नाही, की हा पोरगा ओढायला लागला तरी का? आज आपण त्याच प्रश्नाकडे वळणार आहोत. त्यासाठी थोडे मागे, २०२० सालात जावे लागेल. त्या दीड-दोन वर्षांत आपल्या शिकत्या मुलांचे जे झाले, त्याचा हिशेब अजून पुष्कळ घरांत लागलेला नाही.

मार्च २०२० आठवा. दुबईहून परतलेल्या प्रवाशांमध्ये कोरोनाचे रुग्ण सापडले आणि राज्यात सुरुवातीला ज्या मोजक्या जिल्ह्यांची नावे पेपरात आली, त्यांत आपले यवतमाळ होते. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. त्याआधीच कॉलेजे बंद झाली होती, वसतिगृहे रिकामी होत होती. अमरावती, नागपूर, पुण्याला शिकणारी आपली मुले ट्रंक आणि गाद्या घेऊन गावी परतली. कोणाला वाटले पंधरा दिवस, कोणाला वाटले महिना.

घरी आली तेव्हा घर कसे होते? ओसरीत कापसाचे ढीग पडून होते, कारण टाळेबंदीत खरेदी थांबली होती. पुढे सुरू झाली तेव्हा नोंदणी, रांगा आणि मर्यादा आल्या. बाप रात्री हिशेब करताना बोलत असे आणि पोरगा भिंतीपलीकडे ऐकत असे. आपल्या शिक्षणाचा खर्च त्या हिशेबात कुठे बसतो, हे त्याला कळत होते. दिवसा ऑनलाइन तास असायचा. घरात मोबाइल एक आणि शिकणारी भावंडे दोन. रेंज मिळावी म्हणून धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली जाऊन उभे राहायचे. सर बोलत असताना आवाज तुटायचा, आणि एकदा तुटलेला धागा पुन्हा जुळायचा नाही.

परीक्षेचे तर विचारूच नका. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांची मुले ज्या विद्यापीठाची पदवी घेतात, ते संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ असो की दुसरे कोणते, शेवटच्या वर्षाच्या मुलांपुढे महिनोन् महिने एकच प्रश्न होता. परीक्षा होणार की नाही? राज्य सरकार म्हणे नको, विद्यापीठ अनुदान आयोग म्हणे घ्या. शेवटी २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही.

जी मुले स्पर्धा परीक्षेला बसणार होती, त्यांची तऱ्हा याहून वाईट. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० ला व्हायची होती. ती पुढे गेली, मग पुन्हा पुढे गेली. १४ मार्च २०२१ ही तारीख ठरली आणि तीन दिवस आधी तीही पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात मुले रस्त्यावर उतरली. अखेर २१ मार्च २०२१ ला परीक्षा झाली. जवळजवळ एक वर्ष मुलाने रोज सकाळी तेच पुस्तक उघडायचे आणि रोज रात्री मिटायचे. वय मात्र थांबत नव्हते, आणि गावात भेटेल तो विचारीत होता, "मग, लागला का कुठं?"

फेब्रुवारी २०२१ मध्ये कॉलेजे उघडायची वेळ आली, तर दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात आधी आपल्याच भागात लागली. अमरावती, यवतमाळ, अकोला पुन्हा बंद. एप्रिल आणि मे महिन्यांत काय पाहिले, ते सांगायला नको. ज्यांच्या घरचे माणूस गेले, त्यांना शेवटचे तोंडही नीट पाहता आले नाही. कॉलेजे खऱ्या अर्थाने उघडली ती २० ऑक्टोबर २०२१ पासून.

आता हा काळ पन्नाशीच्या माणसाच्या दृष्टीने पाहू नका. आपण दुष्काळ पाहिले, बोंडअळी पाहिली, आपल्याला वाईट वर्ष जाते हे माहीत आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाने ते पाहिलेले नसते. त्याच्या आयुष्यात दीड वर्ष फार मोठे असते. मित्र, वर्ग, खेळ, नोकरीची आशा, सारे एकदम थांबले की त्याला वाटते, हे कायमचेच थांबले.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले, की साथीच्या पहिल्याच वर्षात जगभरात नैराश्य आणि चिंतेचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, आणि तरुणांना त्याची झळ जास्त बसली. तेव्हा आपल्या गावातल्या पोराला जे झाले, ते त्याच्या कमकुवतपणामुळे झाले असे समजू नका. जगभरची तरुण मुले त्याच घाणीत पिळून निघत होती.

नैराश्य म्हणजे काय, हे साध्या भाषेत सांगतो. दुःख सर्वांना होते. पीक गेले, माणूस गेले, नापास झाले, तर चार दिवस जेवण जात नाही. मग माणूस सावरतो. पण मन खचलेले दोन आठवड्यांहून अधिक काळ तसेच राहिले, झोप उडाली किंवा दिवसभर झोपच येत राहिली, भूक मंदावली, आवडीच्या गोष्टीत मन रमेना, वाचलेले डोक्यात शिरेना, आपण घरावर ओझे आहोत असे वाटू लागले, तर तो आजार समजावा. मधुमेह हा जसा आजार आहे, तसाच हाही. त्याला औषध आहे, उपचार आहेत.

एक गोष्ट बायाबापड्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. तरुण मुलगा उदास झाला की रडेलच असे नाही. पुष्कळदा तो चिडचिडा होतो. जेवायला बोलावले तर वसकन अंगावर येतो, मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतो, उशिरापर्यंत अंथरुणात लोळतो, मित्रांकडे जाणे सोडतो. आपण म्हणतो, "माजला आहे." खरे म्हणजे तो आतून खचलेला असतो.

अशा खचलेल्या मुलाच्या हाती सिगारेट कशी येते? बहुतेक वेळा दुसऱ्या एका खचलेल्या मुलाच्या हातून. पारावर किंवा बंद शाळेच्या मागे चार जण बसतात. कोणाकडेच काम नाही, कोणाकडेच सांगायला चांगली बातमी नाही. एक जण काडी ओढतो. पहिल्या झुरक्याला ठसका लागतो. पण नंतर क्षणभर डोके हलके वाटते, आणि चार मुलांत बसल्याचे समाधान मिळते ते वेगळेच.

त्या हलकेपणाचे शास्त्र समजून घ्या. तंबाखूत निकोटिन नावाचे द्रव्य असते. धुरावाटे ते दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत जाते. तिथे ते बरे वाटण्याची एक कळ दाबते. पण दोन तासांच्या आसपास रक्तातले निम्मे निकोटिन उतरते आणि मेंदू पुन्हा मागणी करतो. आता ते मिळाले नाही, तर जीव कासावीस होतो, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, उदास वाटते. पुन्हा ओढले की शांत वाटते. मुलगा म्हणतो, "टेन्शन आले की सिगारेटने बरे वाटते." त्याचे म्हणणे खोटे नाही. पण त्या टेन्शनातला बराच भाग सिगारेटनेच आणलेला असतो, हे त्याला दिसत नाही.

आपल्या लोकांना हे सावकाराच्या उदाहरणाने चटकन कळेल. अडचणीच्या दिवशी सावकार पाचशे रुपये देतो, तेव्हा तो देवासारखा वाटतो. मग व्याज सुरू होते. दर आठवड्याला व्याज भरले की त्या रात्री झोप लागते. ती झोप काही मिळकतीची नसते, एका हप्त्यापुरती सुटका झाली एवढेच. मुद्दल तसेच उभे असते. तंबाखू हा असाच सावकार आहे. उदास मुलगा त्याच्या दारात लवकर जातो, आणि त्याच्या दारात गेलेला मुलगा आणखी उदास होतो. हे चक्र एकदा फिरू लागले की आधी कोण आले, हे शोधण्यात अर्थ उरत नाही.

कोणी म्हणेल, आमचा मुलगा सिगारेट ओढत नाही, फक्त खर्रा खातो. मंडळी, सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेल्या खर्र्यातही तेच निकोटिन आहे. ते तोंडाच्या आतल्या कातडीतून सावकाश शिरते आणि जास्त वेळ टिकते. २०१६-१७ सालच्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, पण धूर न काढता तंबाखू खाणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्याकडे खरा डोंगर तोंडातल्या तंबाखूचा आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी पानठेल्यावर काय मिळते, ते मी तुम्हाला काय सांगू!

टाळेबंदीत पानठेले बंद झाले तेव्हा एक गोष्ट उघड झाली. खर्रा आणि सिगारेट लपूनछपून दामदुपटीने, त्याहूनही महाग विकली गेली, आणि घेणाऱ्यांनी घेतली. ज्याला मिळाली नाही तो घरात आदळआपट करू लागला. घरच्यांना वाटले, कोंडून राहिल्याने डोके फिरले. निम्मे ते होतेही, पण निम्मी तंबाखूची तलफ होती. व्यसनाची तलफ माणसाला कुठवर नेते, हे आपल्याच जिल्ह्यात वणीला दिसले. एप्रिल २०२१ मध्ये दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायले आणि सात जणांचा जीव गेला. दारू वेगळी, तंबाखू वेगळा, हे मान्य. पण तलफेपुढे शहाणपण चालत नाही, हा धडा दोन्हीकडे एकच.

त्या दिवसांत "सिगारेट ओढणाऱ्याला कोरोना होत नाही" अशीही एक अफवा फिरली. जून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले होते, की दवाखान्यात भरती झालेल्या रुग्णांत धूम्रपान करणाऱ्यांचा आजार जास्त गंभीर होतो आणि मृत्यूचा धोकाही वाढतो. फुप्फुसाला आधीच धुराने चाळण पाडलेली असेल, तर ते नव्या दुखण्याशी काय झुंजणार?

आता कामाच्या गोष्टीकडे येऊ. आईबापाने काय करावे?

पहिली गोष्ट, आधी स्वतःकडे पाहावे. "जा रे बाबू, ठेल्यावरून माझा खर्रा घेऊन ये" असे आपणच लहानपणी त्या पोराला सांगितले असेल, तर आता कोणत्या तोंडाने रागावणार? अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत विकणे, दोन्ही गोष्टींना २००३ च्या कायद्याने बंदी आहे. मुलाच्या हाती पैसे देऊन त्याला ठेल्यावर धाडणारा बाप त्या कायद्यालाच सुरुंग लावतो. बाप आणि लेक दोघांनी मिळून सोडायचे ठरवले, तर त्याला जो जोर येतो तो हजार उपदेशांना येत नाही.

दुसरी गोष्ट, विचारण्याची वेळ आणि जागा. चारचौघांत, पाहुण्यांसमोर, जेवणाच्या ताटावर हा विषय काढू नये. शपथ घालू नये, देवाच्या पायावर हात ठेवायला लावू नये. शपथ मोडली की मुलाला अपराधी वाटते, आणि अपराधीपणाने तो पुन्हा ओढतो. आपल्याकडे सोयीची जागा म्हणजे वावर. हरभऱ्याला, गव्हाला रात्रीचे ओलीत असते. बापलेक मोटारीजवळ बसलेले असतात, अंधार असतो, एकमेकांचे तोंड दिसत नाही. अशा वेळी बोलणे सोपे जाते. बापाने असे म्हणून पाहावे, "बाबू, आगपेटी भेटली मले. मी काही बोंबलत नाही. पण एक सांग, रात्री झोप लागते का तुले?"

एवढे विचारून गप्प बसावे. लगेच उत्तर येणार नाही. येईल ते "काही नाही न बाबा" असेच येईल. तरी घाई करू नये. दोन दिवसांनी पुन्हा विचारावे. आणि बोलू लागला की मध्ये तोडून "तुले काय कमी आहे?" हे वाक्य चुकूनही म्हणू नये. त्या एका वाक्याने मुलाचे तोंड सहा महिने बंद होते. कमी काय आहे, हेच तर तो सांगायला निघालेला असतो.

मायने सुद्धा लेकीकडे लक्ष द्यावे. टाळेबंदीत पुष्कळ मुलींचे शिक्षण मागे पडले, घरकामाचा भार वाढला. मुलगी पारावर जाऊन बसत नाही, तिचे दुखणे चुलीजवळच राहते. तंबाखूचे मंजन दातांना लावणाऱ्या बाया आपल्यात कमी नाहीत. "दात दुखतात म्हणून लावते" असे म्हणत म्हणत मुलींनाही त्याची सवय लागते. त्यातही तेच निकोटिन आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मुलगा किंवा मुलगी "जगण्यात काही अर्थ नाही", "मी नसलो तर बरे होईल" असे बोलली, तर ते हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?" असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो. त्याला एकटे ठेवू नका. फवारणीची औषधे घरात उघडी ठेवू नका, कुलपात ठेवा, आणि किल्ली मोठ्या माणसाजवळ राहू द्या. यवतमाळ जिल्ह्याने या दुःखापायी किती कुंकवे पुसलेली पाहिली आहेत, ते तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. कुलपाला पैसे कमी लागतात. वेळ टळली की पुष्कळदा माणूस वाचतो.

चौथी गोष्ट, डॉक्टरकडे जाण्यात लाज बाळगू नये. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. घरबसल्या बोलायचे असेल, तर १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोनला पैसे पडत नाहीत. विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत, त्यात आपलाही जिल्हा आला, शेतकरी कुटुंबांच्या मनाच्या दुखण्यासाठी सरकारने २०१५ मध्ये 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला होता. तेव्हापासून हा विषय आशाताईंना नवा राहिलेला नाही. गावच्या आशाताईला विचारा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून मनानेच बंद करू नयेत.

गावातल्या माणसाने गावातल्या माणसाशी बोलण्याने काय होते, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. शिकवून तयार केलेले गावपातळीवरचे कार्यकर्ते घरोघर गेले, मनाच्या आजाराविषयी बोलले, गरज होती त्यांना डॉक्टरांपर्यंत नेले. आधी नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम ४ जण कुठे तरी मदत घेत होते. नंतर हा आकडा २७ वर गेला. २०१७ मध्ये हे निष्कर्ष वैद्यकाच्या मोठ्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या गावांतही आपल्यासारखीच कापूस-तुरीची माणसे राहतात.

पाचवी गोष्ट, तंबाखू सोडण्याची रीत. सोडण्याचा एक दिवस ठरवावा, पोळा म्हणा, दसरा म्हणा, नाही तर येता सोमवार. आदल्या रात्री घरातली सिगारेट, आगपेटी, पन्नी सारे फेकून द्यावे. पहिले तीन-चार दिवस कठीण जातात. डोके दुखते, राग येतो, झोप बिघडते. त्या दिवसांत घरच्यांनी मुलाची चिडचिड सोसावी, हे सर्वांत मोठे औषध. तीन-चार आठवड्यांत त्रास बराच ओसरतो. तलफ आली की ती काही मिनिटांची असते. तेवढ्या वेळात पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, गोठ्यात जाऊन बैलाला चारा टाकावा, कोणाशी तरी बोलावे. सिगारेट सोडून खर्रा धरू नये. एक सावकार सोडून दुसऱ्याकडे जाण्यासारखे ते होईल. फारच जड जात असेल, तर डॉक्टरांना विचारून निकोटिनची चघळायची गोळी घेता येते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांकही आहे, त्यालाही पैसे लागत नाहीत. मनाच्या आजाराची औषधे चालू असतील, तर सिगारेट सोडताना डॉक्टरांना सांगावे, कारण काही औषधांचे प्रमाण बदलावे लागते.

पैशाचाही हिशेब मुलासमोर मांडावा, पण टोमणा म्हणून नको. रोजचे २० रुपये धरले, तर वर्षाचे ७,३०० रुपये होतात. त्यात त्याच्या अभ्यासाची पुस्तके येतील, परीक्षेचे जाणे-येणे होईल.

पुष्कळ मुलांना भीती असते, की सिगारेट सोडली तर आपले मन आणखी खचेल, आधारच जाईल. या भीतीला उत्तर आहे. २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २६ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. ज्यांनी धूम्रपान सोडले, त्यांची उदासी, चिंता आणि ताण, ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झालेले दिसले. मनाचा आजार आधीपासून असलेल्यांतही तसेच दिसले. पहिले काही आठवडे जड जातात, पण व्याज बंद झाले की घर हळूहळू उभे राहते.

आणि सोडल्यावर पुन्हा एखादी ओढली गेली तर? मृगात पेरले आणि पावसाने डोळे वटारले, तर आपण काय करतो? दुबार पेरणी करतो. बियाणे गेले म्हणून वावर विकत नाही. पुष्कळांचे तंबाखूचे व्यसन दोन-तीन प्रयत्नांनंतरच सुटते. पहिला प्रयत्न फसला म्हणून "तुझ्याच्यानं होणार नाही" असे म्हणणाऱ्या बापाने पहिल्या वर्षीच्या दुबार पेरणीला स्वतःला काय म्हटले होते, ते आठवावे.

साथ संपली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी उठवली. मग हा विषय आज कशाला? कारण त्या वेळची एकोणीस-वीस वर्षांची मुले आज पंचविशीत आहेत. कोणी शेती करतो आहे, कोणी कंपनीत लागला, कोणी अजून जागा निघण्याची वाट पाहतो आहे. टाळेबंदी उठली, पण त्या दिवसांत लागलेली सवय आणि त्या दिवसांत आत गिळलेले दुःख काही घरांत अजून तसेच आहे. त्यांची धाकटी भावंडे आता कॉलेजात आहेत, आणि गोठ्याच्या तट्ट्यात खोचलेली आगपेटी त्यांना ठाऊक आहे.

ज्या गाडगेबाबांचे नाव आपल्या विद्यापीठाला आहे, त्यांनी जन्मभर गावोगाव फिरून व्यसनाविरुद्ध कीर्तन केले. बाबांची रीत काय होती? ते आधी प्रश्न विचारीत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. आपणही घरात तेवढेच करायचे आहे.

तेव्हा मायबहिणींनो, उद्या धुण्यात आगपेटी सापडली तर ती मुलाच्या बापापुढे आदळू नका. आधी ती बाजूला ठेवा. संध्याकाळी पोराला गरम भाकर वाढा आणि त्याच्याजवळ बसा. तो कसा आहे, ते विचारा. सिगारेटचे मग बोलू.